फवाऱ्यावरची माणसं

आमच्याकडची म्हातारी माणसं जुनं काही सांगायला बसली की सन सांगत नाहीत, औषधाचं नाव सांगतात. कोठा बांधला तो पावडरीच्या दिवसांत, थोरल्या आत्याचं लग्न एंड्रीनच्या, विहिरीला पाणी लागलं ते थिमेट नवं नवं आलं तेव्हा. यवतमाळ जिल्ह्यातल्या कपाशीच्या पट्ट्यात मी हे ऐकतच वाढले. पुढे शिकायला बाहेर पडले, या नावांच्या तारखा पुस्तकांतून कळल्या, आणि लक्षात आलं की माझे आजोबा, म्हणजे आबाजी, आणि त्यांच्या बरोबरीचे लोक सांगत होते ती हकिगत आमच्या घरापुरती नव्हती. देशातल्या कीटकनाशकांचा सगळा इतिहास त्यांच्या अंगावरून गेला होता. तो लिहिला गेला मात्र पिकाच्या आणि किडीच्या बाजूनं. ज्याच्या पाठीवर पंप होता त्याची बाजू अजून बरीचशी तोंडीच राहिली आहे.

आबाजींच्या लहानपणी गावात देशी कपाशी होती. झाड कमरेच्या वर फारसं जायचं नाही. धागा आखूड, पण झाड चिवट. मावा पडला तर चुलीतली राख पहाटेच्या दवावर धुरळायची, एवढाच उपाय. हे सांगताना आबाजी त्या काळाचं कौतुक मात्र कधी करत नसत. "अळीनं खाल्लं का मंग वर्षभर कण्याच," असं म्हणायचे आणि गप्प व्हायचे. म्हणून विष गावात आलं तेव्हा लोक घाबरले नाहीत, त्यांना बरं वाटलं. आज शहरात बसून जुन्या शेतीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

ते आलं तेही शेताच्या वाटेनं नाही, घराच्या दारातून. १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव मलेरियावाले डीडीटी फवारत फिरू लागले. भिंतीवर पांढरे ओघळ आणि दारावर गेरूनं लिहिलेला आकडा, असं आजी सांगायची. डास मेले, बाजेतले ढेकूणही मेले. ज्या पावडरीनं घरातला ताप गेला तिला वावरात कोण नाही म्हणणार? पुढे बीएचसीची भुकटी आली, लोक तिला गॅमेक्सीन म्हणत. जुन्या धोतराच्या फडक्यात ती बांधायची, काठीच्या टोकाला लटकवायची आणि तासातासानं चालत दुसऱ्या काठीनं तिच्यावर हलके टोले द्यायचे. पांढरा धूर पऱ्हाटीवर बसायचा, तसाच माणसाच्या भुवयांवरही. आजीनं तीच भुकटी पोरींच्या केसांत उवांसाठी चोळली होती. तिच्या सगळ्या जावांनी चोळली होती. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला गेला आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. तोवर त्या पोरींच्या डोक्यावर पदर येऊन त्यांच्या लेकीसुना आल्या होत्या.

खरा बदल झाला तो संकरित कपाशीनं. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ हे वाण तयार केलं. कपाशीचं व्यापारी लागवडीचं हे जगातलं पहिलं संकरित वाण. आमच्या भागात ते आलं तेव्हा बोंडं पाहायला लोक धुऱ्यावर गर्दी करत. पण या झाडाला खत लागे, आणि खतानं लुसलुशीत झालेल्या पानावर किडी तुटून पडत. त्याच्या मागोमाग एंड्रीन आलं, फॉलिडॉल आलं, आणि ते मारायला पितळी पंप आला. आमच्या घरी तो पंप होता आणि तो पाठीवर घ्यायला सालदार होते. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो.

मामांची हकिगत मी त्यांच्याच तोंडून पुष्कळदा ऐकली. भादव्यातली दुपार, वारा पडलेला. सकाळपासून न थांबता फवारणी चाललेली. आधी घाम फुटला, उन्हाचा असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. मग तोंडातून लाळ गळायला लागली, छाती भरून आली, पायांच्या पोटऱ्या आपोआप फडफडायला लागल्या. "डोयांपुढं अंधारी आली, पोरी. मले वाटलं, वावरातलं काई लागलं." घरच्यांनाही तसंच वाटलं. आधी देवऋष्याकडे नेलं, अंगारा लावला. संध्याकाळी आबाजींनी छकडा जुंपला आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत रात्र झाली. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं. बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. त्यांनी एकच विचारलं, "कोणतं औषध मारत होते?" आबाजींना नाव आठवलं, आणि मामा वाचले. रात्रभर सुईवर सुई देत होते, असं मामा सांगत. पहाटे लाळ थांबली आणि तोंडाला इतकी कोरड पडली की जीभ टाळूला चिकटली. तेव्हा डॉक्टर हसले म्हणे, आता काळजी नाही.

ते का हसले हे मला फार नंतर समजलं. सुई अॅट्रोपिनची होती, आणि तोंड कोरडं पडणं, बाहुली मोठी होणं ही ती लागू पडल्याची खूण असते. फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन. ते ज्या ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातलं, त्यावर जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ १९३० च्या दशकात काम करत होता. किडीसाठी विष शोधताना १९३६ मध्ये त्याच्या हाती टॅबून हा युद्धातला विषारी वायू लागला, आणि १९४४ मध्ये पॅराथिऑन. दोन्हींचा मार एकच. शरीरात कोलिनएस्टरेज नावाचं एक विकर असतं. मज्जातंतूनं स्नायूला दिलेला निरोप पोचला की तो पुसून टाकणं हे त्याचं काम. हे विष त्या विकरालाच धरून ठेवतं. निरोप पुसला जात नाही, ग्रंथी झरत राहतात, स्नायू फडफडत राहतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अळीचं जे होतं तेच माणसाचं होतं, फरक फक्त मात्रेचा.

हे सगळं मामा पडले त्याच्या आधीच आपल्या सरकारला माहीत होतं. १९५८ मध्ये केरळात गव्हाच्या पिठातून पॅराथिऑनची विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसं मेली होती. पिठाची पोती आणि फॉलिडॉल एकाच जहाजातून आलं होतं. त्यानंतर चौकशी झाली, १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. ते नियम मी नीट वाचले आहेत. कीटकनाशकं हाताळणाऱ्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, ऑर्गॅनोफॉस्फेटशी संबंध येणाऱ्याच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासावं, अंगावर संरक्षक कपडे असावेत, नाकातोंडाला योग्य साधन असावं, कामगाराला प्रशिक्षण द्यावं, उतारा आणि प्रथमोपचाराची औषधं जवळ असावीत. काही म्हणता काही सुटलेलं नाही. मामांच्या डोक्याला एक दुपट्टा होता आणि अंगात बंडी. आमच्या गावात फवारणी करणाऱ्या एकाही माणसाचं रक्त यासाठी कधी तपासलं गेलं नाही, तेव्हाही नाही आणि आत्ताआत्तापर्यंतही नाही.

दवाखान्यातून आल्यावर मामांनी स्वतःचे नियम केले आणि आबाजींनी ते घराला लावले. वारा पाहून तास धरायचा, म्हणजे फवारा पुढे जाईल, तोंडावर येणार नाही. ऊन चढायच्या आत पंप खाली ठेवायचा. विहिरीवर अंग घासून आंघोळ केल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. या प्रत्येक नियमाला आज विज्ञानाचा आधार आहे. हे विष नाकातोंडातून जातं त्याहून पुष्कळदा जास्त कातडीतून जातं. त्यातही सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑनवरच्या जुन्या प्रयोगांत कोपराखालच्या हातातून जितकं शोषलं गेलं त्याच्या कितीतरी पट जांघेजवळच्या नाजूक कातडीतून शोषलेलं दिसलं. पंप गळत असतो तो नेमका पाठीवरून कमरेकडे आणि तिथून खाली. ओल्या कपड्यानं दिवस काढणं म्हणजे विषाची पट्टी बांधून हिंडणं. तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं सांगणाऱ्यांना गळक्या पंपाची ही वाट दिसत नाही.

काही समजुती मात्र घातक होत्या, आणि त्या अजून आहेत. विष अंगी लागलं की दूध पाजा, तूप पाजा, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा. कातडीतून गेलेलं विष ओकून येत नाही. माणूस अर्धवट शुद्धीत असला तर ती ओकारी फुप्फुसात जाते, आणि दुधातुपाच्या नादात दवाखान्याची वेळ जाते. आधी कपडे उतरवायचे, साबणानं भरपूर पाण्यात अंग धुवायचं, आणि औषधाची बाटली किंवा निदान तिचं लेबल घेऊन दवाखाना गाठायचा. आबाजींनी त्या रात्री नाव सांगितलं तेवढ्यावर एक जीव वाचला, हे मी प्रत्येक सभेत सांगते.

बायांचं कुणी सांगत नाही. फवारणी पुरुष करतात असं आपण म्हणतो, पण एका पंपात पंधरा-सोळा लिटर पाणी मावतं, आणि ते पाणी नाल्यावरून गुंड भरभरून आणतात त्या बाया. ड्रमात औषध ओततात त्या, काठी सापडली नाही तर हातानं ढवळतात त्या. आजीच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत वेगळी दिसायची, खरखरीत आणि काळवंडलेली. रात्री ती कपडे धुवायची आणि दुसऱ्या सकाळी त्याच ओल्या पऱ्हाटीत निंदायला जायची. कायद्याच्या कागदावर ती फवारणी कामगार कधीच नव्हती. औषधाचे रिकामे डबे तिला फार आवडत, झाकण घट्ट बसायचं ना. तुरीचं बियाणं ती त्यातच ठेवायची.

पुढची वर्षं भराभर गेली. १९८० च्या दशकात सायपरमेथ्रिनसारखी नवी औषधं आली, नव्वदीत हिरव्या बोंडअळीनं ती पचवली. एंड्रीनवर १९९० मध्ये बंदी आली. २००२ मध्ये बीटी कपाशी आली आणि खरोखरच काही वर्षं बोंडअळीसाठीची फवारणी कमी झाली. म्हातारी माणसं म्हणाली, आता पंप खुंटीवर टांगा. पण तुडतुडे आणि पांढरी माशी बीटीला मरत नव्हती, आणि गुलाबी बोंडअळी हळूहळू तिला सरावली.

मग २०१७ चा खरीप आला. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. मामांच्या काळी फवारा कमरेखाली पडायचा, आता तो हात वर करून मारावा लागत होता, आणि मारलेलं सगळं तोंडावर, मानेवर, छातीवर परत येत होतं. झाडं दाट, तासात शिरलं की ओली पानं दोन्हीकडून अंगाला घासतात. हातपंपाच्या जागी बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप आले होते. त्यांचा फवारा बारीक, धुक्यासारखा आणि वेग मोठा. शिवाय दोन-तीन औषधं आणि वर एखादं टॉनिक एकत्र करून मारायची रीत पडली होती. कृषी केंद्राच्या काउंटरवर जे सांगितलं जाई तेच वावरात मिसळलं जाई. दमट हवा, वारा नाही. जुलैपासून माणसं दवाखान्यात यायला लागली. ऑक्टोबरपर्यंत जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दाखल झाले, कित्येकांची नजर काही दिवसांसाठी गेली.

त्या दिवसांत मी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. आमच्याच वावरात कामाला येणारा एक पोरगा तिथे होता, विशीतला. त्याचे दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांड्याला बांधलेले होते, कारण तो भ्रमात उठून पळत होता. बोटांच्या नखांत हिरवट पिवळं काही साचलेलं. आई शेजारी बसून त्याचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत होती. त्याच्या बंडीच्या खिशात खर्र्याची पुडी तशीच होती. तंबाखूचा हा खर्रा आमच्याकडे घोटून खातात, हातानं काढून तोंडात ठेवतात, जोडीदाराला देतात. दिवसभर औषधात भिजलेल्या हातानं. नोझल तुंबलं की तोंड लावून फुंकतात. हे मजुरांच्या अडाणीपणाचे पुरावे म्हणून पुष्कळांनी तेव्हा सांगितले. मास्क लावला नव्हता, हातमोजे घातले नव्हते, सूचना पाळल्या नव्हत्या.

मला त्या वाक्यांचा तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो. ठेक्यानं फवारणी करणाऱ्याला पंपामागे मजुरी मिळते. जितके पंप रिते होतील तितके पैसे, म्हणून तो वारा पाहत नाही, ऊन पाहत नाही, आंघोळीला थांबत नाही. बाटलीवरचा लाल त्रिकोण अतिविषारी, पिवळा त्याच्या खालचा, मग निळा आणि हिरवा, हे त्याला कुणी कधी शिकवलेलं नसतं. खालची अक्षरं तर माझ्या चष्म्यालाही दिसत नाहीत. भादव्याच्या उकाड्यात रबरी सूट घालून कपाशीत चालून पाहावं, म्हणजे कळेल तो का घालत नाही. कीटकनाशकांविषयीच्या जागतिक आचारसंहितेत अन्न व कृषी संघटनेनं हेच मान्य केलं आहे. ज्यांसाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी साधनं घालावी लागतात अशी औषधं टाळावीत, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत, असं तिथे म्हटलेलं आहे. म्हणजे दोष औषधाच्या निवडीचा आहे, ते मारणाऱ्याच्या शिस्तीचा नंतर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी होते. जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकतात, त्या दिवशी त्यांना जुंपत नाहीत. अशाच एका खांदशेकणीला मामा आबाजींच्या पुढ्यात सदरा काढून बसले होते, पंपाच्या पट्ट्यांचे दोन काळे वण खांद्यांवर. "धनी, माह्या खांद्याले कोण शेकन?" आबाजींनी त्या वर्षापासून फवारणी ठेक्यानं देणं बंद केलं, रोजानं केली, दुपारपर्यंतच. पीक काही बुडालं नाही.

२०१७ नंतर विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली, संरक्षक किटा वाटल्या गेल्या. २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांनी औषध बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार नेली, आणि एक बचावलेला शेतकरी व दोन विधवा बाझेलच्या न्यायालयात गेल्या. आमच्या तालुक्यातली माणसं तिथवर पोचली, याचा मला अभिमान आहे. फॉलिडॉलचं भावंड मिथाइल पॅराथिऑन २०१८ मध्ये बंद झालं, थिमेट म्हणजे फोरेट २०२० च्या अखेरीला, आणि मोनोक्रोटोफॉसचं नेहमीचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करायचा आदेश २०२३ मध्ये निघाला. म्हाताऱ्यांच्या कालगणनेतली नावं एकेक करून बंदीच्या यादीत गेली. प्रत्येक नाव तिथे जायला एकेक पिढी लागली.

मामांचा नातू आज फवारणीवर जातो. त्याच्या नावानं जमीन नाही. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्या यादीत कीटकनाशकं हाताळताना होणारी विषबाधा स्पष्ट लिहिलेली आहे, मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसाला. दुसऱ्याच्या वावरात विष मारून मेलेल्या भूमिहीन मजुराचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून या योजनेतही नसतं. ही तरतूद बदलली पाहिजे, आणि ती बदलायला शासनाचा एक निर्णय पुरे आहे. तो निघेपर्यंत ज्यांचं वावर आहे त्यांनी निदान एवढं करावं: फवारणी ठेक्यानं देऊ नका, रोजानं द्या. धुऱ्यावर साबण आणि दोन ड्रम साधं पाणी ठेवा. लाल त्रिकोणाची बाटली विकत घेऊ नका. आणि जो पंप उचलतो त्याला, आणि जी पाणी भरते तिला, औषधाचं नाव काम सुरू करायच्या आधी सांगा.